परक्या मांडवातले वऱ्हाडी

‘वऱ्हाडी’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. वऱ्हाडात राहणारा तो वऱ्हाडी आणि लग्नात वराच्या बाजूने जाणारा तोही वऱ्हाडी. पहिल्या अर्थाने मी वऱ्हाडी नव्हे. आमचं तुमसर भंडारा जिल्ह्यातलं. धानाचं, भातगिरण्यांचं आणि आसपासच्या मँगनीजच्या खाणींचं गाव. कापसाचा मुलूख तो वऱ्हाड, आमची ती झाडीपट्टी. पण बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने पश्चिम महाराष्ट्रात जिथे जिथे गेलो, तिथे हा भूगोल समजावू लागलो की समोरचा हसून म्हणायचा, ‘‘म्हणजे वऱ्हाडीच ना!’’ शेवटी मी तो नाद सोडला. दुसऱ्या अर्थाने मात्र मी जन्माचा वऱ्हाडी आहे. आपल्या माणसांमागे परक्या मांडवात जावं, तिथे आपली बाजू सोडू नये आणि यजमानाचं अन्नही गोड मानून खावं, याची मला लहानपणापासून गोडी आहे.

खेळाच्या मैदानावरही असा वऱ्हाडी असतो. घरच्या संघासाठी टाळ्या वाजवायला हजारो माणसं जमतात. पाहुण्या संघासाठी, शे-पाचशे कोस प्रवास करून, कुणी ओळखत नाही अशा गर्दीत येऊन बसणारी माणसं मोजकीच. हरल्यावर घरच्या प्रेक्षकाला दहा मिनिटांत घर गाठता येतं. या माणसाला मात्र तो पराभव बरोबर घेऊन रात्रभर गाडीत बसायचं असतं. तरी तो जातो. का जातो, हे मला आज सांगून पाहायचं आहे.

आमच्या भागात हे शिक्षण शंकरपटाने दिलं. धान घरात आलं, थंडी पडली की गावोगावचे पट सुरू होत. आपल्या गावची बैलजोडी पटाला निघाली की तिच्यामागे बंड्या जुंपून अर्धं गाव निघे. जोडी एकाची, पण हारजीत साऱ्या गावाची. धुरकऱ्याने आरोळी ठोकली की आमचे काळजाचे ठोके बंद पडत आणि घड्याळवाल्याने वेळ पुकारली की पुन्हा सुरू होत. दिवसभर त्या गावाच्या जोडीला नावं ठेवायची आणि रात्री त्याच गावात कुणाच्या तरी ओसरीवर पंगतीला बसायचं. सकाळी ज्याच्याशी हमरीतुमरी झाली, तोच माणूस ‘‘पाहुणे, अजून वाढू का?’’ म्हणून विचारी. मग रात्रभर नाटक नाहीतर दंडार. परगावची जोडी नसेल तर पट कसला आणि परगावची माणसं नसतील तर गंमत कसली, हे यजमान गावाला पक्कं ठाऊक असे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद पडले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. बैलांना काय सोसावं लागतं, हा प्रश्न खराच होता आणि अटी पाळल्याच पाहिजेत. पण मधल्या वर्षांत गावांनी एकमेकांकडे असं वाजतगाजत जाण्याचं एक निमित्तही हरवलं होतं.

मोठा झालो तसा बैलजोडीच्या जागी माझ्या मनात विदर्भाचा रणजी संघ येऊन बसला. तेव्हा हे वेडच होतं. विदर्भ रणजी करंडकात प्रथम खेळला तो १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतरची कित्येक वर्षं वर्तमानपत्रातली विदर्भाची बातमी शोधावी लागे आणि सापडली की वाचवत नसे. नागपूरकरांची हौस भागायची ती पाहुण्यांवर. ३१ ऑक्टोबर १९८७ ला विश्वचषकाच्या सामन्यात नागपुरात चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि सुनील गावस्करने एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक काढलं, ८८ चेंडूंत नाबाद १०३. मुंबईच्या माणसासाठी नागपूरने त्या दिवशी घसे बसवून घेतले. आपलं असं ओरडायला काही नव्हतंच.

ते मिळालं साठ वर्षांनी. २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवून रणजी करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक काढलं. पुढच्या वर्षी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. या यशात मुंबईचा वाटाही मोठा आहे, हे विदर्भाच्या माणसाने मोकळ्या मनाने मान्य करावं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे आणि आमच्या तरुणांना आधार देत उभा राहिलेला वसीम जाफरही मुंबईचाच.

म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडे स्टेडियमवर मुंबई विरुद्ध विदर्भ असा अंतिम सामना ठरला, तेव्हा आमच्या घरात एकदम लग्नघर झालं. मी आणि माझे शेजारी, निवृत्त शिक्षक, ज्यांना सारं गाव गुरुजी म्हणतं, आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. सामना सुरू होणार होता रविवारी, १० मार्चला. आरक्षण मिळालं ते मंगळवारचं. म्हणजे आम्ही पोहोचणार चौथ्या दिवशी सकाळी.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं. मुंबईला पहिल्या डावात २२४ धावांत गुंडाळून आमच्या गोलंदाजांनी आशा लावली आणि फलंदाजांनी १०५ धावांत ती मोडली. मंगळवारी दुपारी आम्ही तुमसर रोडला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा मुशीर खानचं शतक झालं होतं. नागपूर यायच्या सुमारास मुंबईचा दुसरा डाव ४१८ धावांवर संपला. जिंकायला हव्या होत्या ५३८. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला करंडक मिळतो. त्यामुळे दोन दिवस नुसतं टिकून राहण्याचाही उपयोग नव्हता. डब्यातला एक तरुण मोबाइलवर धावसंख्या बघत म्हणाला, ‘‘काका, कायले जाता जी आता? केस हारलेली आहे.’’ गुरुजींनी चिवड्याचा डबा उघडला, त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘‘बापू, मुलगी नापास झाली म्हणून बाप तिले घ्यायले स्टेशनावर जात नाही का?’’ तरुण हसला. बडनेऱ्यापर्यंत त्याने अर्धा चिवडा संपवला.

बुधवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून, तोंडं धुऊन आम्ही चर्चगेटच्या दिशेने चालत निघालो. रणजीच्या सामन्यांना सहसा तिकीट नसतं. पिशव्या तपासून आत सोडलं आणि पायऱ्या चढून वर आलो तो ते हिरवंगार मैदान एकदम समोर आलं. समुद्रावरचा वारा, मागे लोकलचा खडखडाट. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं हे स्टेडियम. त्या मानाने माणसं तुरळक. पण जी होती ती मुंबईची, आणि मुंबईचा प्रेक्षक थोडा असला तरी जाणता असतो. आम्ही दोघं जरा बाजूला बसलो. पहिला चौकार गेला तेव्हा टाळ्या वाजवणारे आम्हीच. दहा-बारा डोकी वळून आमच्याकडे बघू लागली.

परक्या मैदानावरचा तो क्षण मोठा मजेदार असतो. घरी टाळी वाजवली तर ती हजारात मिसळून जाते. इथे तुमची टाळी एकटी ऐकू येते. कबुलीजबाबासारखी. मी अमुक गावचा, अमुक बाजूचा, असं न बोलता सांगून टाकणारी. नोकरीत असताना नव्या शाखेत रुजू झालो की पहिल्या दिवशी असंच वाटायचं. सगळा स्टाफ एका बाजूला आणि बदलीवर आलेला साहेब एका बाजूला. तुम्ही तोंड उघडलं की तुमच्या बोलीवरून गाव कळायचं. त्या दिवशी कुणी ‘‘साहेब, जेवणाचं काय केलंत?’’ एवढं विचारलं तरी ती शाखा जन्मभर लक्षात राहायची.

इथेही तेच झालं. पुढच्या रांगेत एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर धावा लिहायची वही. त्यांनी वळून विचारलं, ‘‘नागपूर का?’’

‘‘तुमसर. भंडारा जिल्हा.’’

‘‘एवढ्या लांबून? आणि आज?’’ त्यांनी धावफलकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ‘‘या, इथे पुढे बसा. तिथे उन्हं येतील तुमच्यावर.’’

हे गृहस्थ गिरगावातले. रणजी बघायची त्यांची तपश्चर्या ब्रेबॉर्नपासूनची. मुंबईने तोवर ४१ वेळा करंडक जिंकला होता आणि हा ४१ चा आकडा ते बोलण्यात दर दहा मिनिटांनी आणत. ‘‘आमचे दोनच,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘पण लागोपाठ.’’ मग मी हुकमाचं पान टाकलं. ज्यांच्या नावाचं हे स्टेडियम, ते शेषराव वानखेडे आमच्या विदर्भाचे. विदर्भातून निवडून गेलेले, विधानसभेचे अध्यक्ष झालेले. मुंबई क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं तेव्हा ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबाशी सामन्याच्या जागांवरून वाद झाला. त्या वेळी क्लबाच्या बाजूला होते विजय मर्चंट. वाद मिटेना, तेव्हा वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर स्वतंत्र स्टेडियम उभं करायचं मनावर घेतलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध इथे पहिला कसोटी सामना झालासुद्धा. गिरगावकरांना यातला बहुतेक भाग माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता, पण वानखेड्यांचं गाव त्यांनी कधी विचारात घेतलं नव्हतं. ‘‘म्हणजे मांडव तुमचाच म्हणा की!’’ ते म्हणाले आणि वहीत त्यांनी आमच्या करुण नायरची आणखी एक धाव मांडली.

त्या दिवशी नायर २२० चेंडू खेळून ७४ धावा काढून बाद झाला. दिवसअखेर विदर्भ ५ बाद २४८. कर्णधार अक्षय वाडकर खेळत होता. बरोबर हर्ष दुबे. रात्री आम्ही गुरुजींच्या मेहुण्याकडे डोंबिवलीला मुक्कामाला गेलो. माझा एक भाचा ग्लासगोला नोकरी करतो. त्याचा फोन आला. मामा वानखेडेवर आहे याचा त्याला भारी आनंद झाला, कारण तिथे हाच छंद त्याला लागला आहे. तिथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबाच्या समर्थकांबरोबर तो शनिवारी बसने गावोगाव जातो. तिथे पाहुण्या समर्थकांना बसायची जागा वेगळी राखलेली असते, शिरायचा दरवाजाही वेगळा. थंडीपावसात उभं राहून बॉव्ह्रिलचा कढत पेला आणि मटण पाय खायची तिथे रीत. मटण पाय म्हणजे बकऱ्याचे पाये, असं माझ्या बहिणीला बरेच दिवस वाटत होतं. तो मटणाचं सारण भरलेला भाजका पदार्थ असतो, हे मागाहून कळलं. डंडी नावाच्या गावात तर दोन क्लबांची मैदानं एकाच रस्त्यावर आहेत, चालत दोन-तीन मिनिटांवर. तिथल्या वऱ्हाडाला बससुद्धा लागत नाही.

पण त्याने दुसरीही गोष्ट सांगितली. ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन मोठे क्लब. त्यांचं वैर शंभराहून अधिक वर्षांचं, धर्मपंथाच्या आणि राजकारणाच्या भांडणांनी खारवलेलं. पूर्वी एकाच्या मैदानावर दुसऱ्याचे सात-सात हजार समर्थक येत. २०१८ साली ती संख्या आठशेच्या घरात आणली गेली आणि पुढे काही सामने तर असे झाले की पाहुण्या बाजूचा एकही माणूस मैदानात नाही. सारे एकाच रंगाचे, साऱ्यांचा आवाज एकच. ‘‘मामा, टीव्हीवर बघितलं तर आवाज खूप होता,’’ भाचा म्हणाला, ‘‘पण उत्तर द्यायला कुणी नव्हतं.’’ मर्यादित जागा पुन्हा द्यायचं त्यांनी नंतर ठरवलं, ते उगाच नव्हे. प्रेक्षक वेगळे बसवण्यामागे सुरक्षेची कारणं असतात आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. गर्दी काय करू शकते हे त्या शहराला माहीत आहे. जानेवारी १९७१ मध्ये रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ६६ माणसं गेली. पण कुंपण घालणं वेगळं आणि पाहुण्याला दारच बंद करणं वेगळं.

त्याच स्कॉटलंडचं दुसरं रूपही २०२४ मध्येच दिसलं. जूनमध्ये युरो स्पर्धेचा पहिला सामना म्युनिकला होता. स्कॉटलंडचे समर्थक घागऱ्यासारखे किल्ट नेसून, पिपाण्या वाजवत लाखाच्या वर संख्येने जर्मनीत उतरले. जर्मनीने त्यांना ५-१ असं धुतलं. पहिल्या फेरीतच संघ बाहेर पडला. तरी जर्मन गावांनी या पाहुण्यांची तारीफच केली. या समर्थकांची आणखी एक रीत मला फार आवडते. त्यांची एक धर्मादाय संस्था आहे. संघ ज्या देशात खेळायला जातो तिथल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला ती देणगी देते. मानपान मागणारे वऱ्हाडी आपण पुष्कळ पाहिले. आहेर घेऊन जाणारे हे वऱ्हाडी निराळे.

गुरुवारी सकाळी आम्ही लवकर जाऊन गिरगावकरांची जागा धरून ठेवली. पुढचे दोन-अडीच तास मी विसरणार नाही. वाडकर आणि दुबे खेळत राहिले. मुंबईचे गोलंदाज बदलले, टोक बदललं, पण गडी पडेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही नाही. धावा साडेतीनशेकडे सरकू लागल्या तशी मुंबईकरांची बडबड थांबली. एवढ्या अवधीत आसपास विखुरलेले विदर्भाचे पंधरा-वीस जण आमच्याभोवती गोळा झाले होते. कुणी वर्ध्याचा, वरळीला नोकरीला असलेला. दोघी बहिणी चंद्रपूरच्या, इथे शिकणाऱ्या. टाळी ऐकून माणसं टाळीपाशी येतात, तशी ती आली. शतक झालं तेव्हा आम्ही उभे राहिलो. मग गिरगावकर उभे राहिले, वही काखेत धरून. मग आमच्या स्टँडमधले बाकीचेही.

सुट्टीनंतर थोड्याच वेळात वाडकर १०२ वर पायचीत झाला. दुबे ६५ वर गेला. ५ बाद ३५३ वरून सर्वबाद ३६८. अर्धा संघ पंधरा धावांत. शेवटचा गडी उमेश यादव. वळणीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा भारतासाठी खेळला, तो आमचा अभिमान. त्याला त्रिफळाचीत केलं धवल कुलकर्णीने. हा धवलचा शेवटचा सामना होता आणि कारकिर्दीतला हा त्याचा शेवटचा बळी. मुंबईने १६९ धावांनी ४२ वा करंडक नेला. मुंबईचे खेळाडू धवलला घेऊन मैदानावर फिरले, तेव्हा आम्ही पंधरा-वीस जणांनीही टाळ्या वाजवल्या. त्यात मोठेपणा काही नव्हता. सकाळपासून ज्यांच्या शेजारी बसलो, ज्यांच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, त्यांच्या घरचं शुभकार्य होतं ते.

मी का जातो याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं असं वाटतं. वाडकर तंबूकडे परतताना आमच्या बाजूने गेला. त्याने मान वर करून पाहिलं की नाही कोण जाणे. पण समजा पाहिलं असतं, तर एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये त्याच्यासाठी रात्रभर प्रवास करून आलेली माणसं त्याला दिसली असती. ज्या संघाने साठ वर्षं रिकाम्या खुर्च्यांपुढे हार खाल्ली, त्याचं हे एवढं देणं आपल्याकडे राहतं. दुसरी गोष्ट कळली ती आपल्या महाराष्ट्राबद्दल. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ असलेलं हे आपलं राज्य. विदर्भाचा माणूस मुंबईविरुद्ध ओरडला की कुणीतरी लगेच विचारतो, ‘‘मग वेगळं राज्य पाहिजे का?’’ त्या प्रश्नावर मतं असतील ती असोत. पण पूर्णपणे आपल्या बाजूचं असणं म्हणजे समोरच्याचं वैरी असणं नव्हे, हे राजकारणाच्या सभेत शिकता येत नाही. ते परक्या मैदानावर, परक्याच्या शेजारी बसून शिकता येतं. एकट्याने घरी टीव्हीपुढे बसून नाहीच.

परतफेडीचा योग पुढच्याच हंगामात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जामठ्याला उपांत्य सामना, पुन्हा मुंबईशीच. या वेळी आम्ही यजमान. यश राठोडने दुसऱ्या डावात दीडशतक काढलं, हर्ष दुबेने पाच गडी टिपले आणि विदर्भाने ८० धावांनी मुंबईला हरवलं. पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडकही आला. उपांत्य सामन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या मागच्या ओळीत दोन मुंबईकर तरुण होते, रात्रीच्या गाडीने आलेले. मुंबईचे शेवटचे गडी चिवटपणे लढत होते आणि ही दोन पोरं प्रत्येक धावेला एकटीच टाळ्या वाजवत होती. माणसं वळून त्यांच्याकडे बघत होती. गुरुजी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘‘पुढे या. तिकडे ऊन लागते.’’

तेव्हापासून गुरुजींनी एक नियम केला आहे आणि तो वाचकांनाही सांगण्यासारखा आहे. रणजीचं वेळापत्रक आलं की आपल्या संघाचा एक तरी परगावचा सामना निवडावा आणि आरक्षण आधी करून ठेवावं. संघ जिंकतो की हरतो ते पाहून रद्द करू नये. आणि डबा करताना दोन माणसांचा जास्तीचा करावा. शेजारी कोण बसेल, सांगता येत नाही.